दाराची मूठ

शाळेतली पोरं तिला पाराबाई म्हणायची. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं ती प्रयोगशाळेत मदतनीस होती. सगळे थर्मामीटर तिच्या कपाटात, आणि एखाद्याने काचेची नळी उगाच झटकली की आधी तिचाच पारा चढायचा. मांडामांड तिने करायची, प्रयोग मात्र मास्तरांनी. एवढ्या वर्षांत वर्गासमोर एक काडी तिने पेटवली नाही. हे तिला खुपायचं, पण सांगणार कुणाला?

तिच्या दादाचं मांसाचं दुकान होतं. मागच्या खोलीत छातीइतकं उंच, विजेवर चालणारं, मांस धुरात सावकाश शिजवणारं धुरीचं यंत्र. घरात त्याला नुसतं 'पेटी' म्हणत. तळाशी तापणारी कॉइल, तिच्यावर लाकडाच्या तुकड्यांचा ट्रे, वर चार जाळ्या आणि समोर आकडा दाखवणारी काच. दिसायला झकास, पण सहा वर्षं तिच्यातून मांस निघायचं ते चपलेसारखं. दादाचं निदान पहिल्याच दिवशी ठरलं होतं. खापर फुटलं वहिनीच्या मिठावर. मांसाला आदल्या दिवशी मीठ ती चोळायची ना! वर्षभर वहिनीने उत्तरं दिली, मग गप्प राहून गल्ला सांभाळू लागली.

आता दादाचा गुडघा गेला. डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केली, तेव्हा त्याने पेटी विकायचं ठरवलं. बघायला माणूसही येणार होता. पाराबाईने ते ऐकलं आणि त्याच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसली.

"दादा, मला दोन दिवस दे. बकऱ्याचा एक खांदा. वाळला तर खुशाल वीक."

"आणि नाही वाळला तर?"

"तर पेटी मी चालवणार. तू बसून हुकूम सोड, ते तुला जमतंच."

पहिल्या दिवशी तिने मांसाला हातच लावला नाही. स्वतःचा वायरचा थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून पारखला, कारण दुसऱ्याला खोटं ठरवण्याआधी आपलं माप खरं हवं. मग तो मधल्या जाळीवर ठेवून पेटी लावली. काच म्हणाली एकशे दहा. थर्मामीटर म्हणाला एकशे तीस! तिने पेटी थंड करून आत डोकं घातलं. मागच्या भिंतीवर उष्णता मोजणारी बोटभर कांडी होती. तिच्यावर सहा वर्षांची काजळी आणि चरबी बसून कवच झालं होतं. ऊब त्या कांडीपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून पेटी बिचारी आणखी आणखी तापत होती. कोमट पाणी आणि जुन्या फडक्याने घासल्यावर विसाचा फरक सातावर आला. सात अंशांचं खोटं तिला चालणार होतं. खोटं किती, हे ठाऊक असलं म्हणजे झालं. एकशे दहा हवे असतील तर काचेवर एकशे तीन लावायचे.

दुसरा रोग माणसांचा होता. या दुकानात जो पेटीवरून जाईल तो दार उघडून आत डोकावायचा. दादा तर येता-जाता. दर वेळी ऊब भसकन बाहेर, मग कॉइल पेटून उठायची आणि गरजेपेक्षा वर जायची. सांगून ऐकतील तर ती माणसं कसली! तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, दाराची मूठ काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने मूठ लावून खांदा आत ठेवला, थर्मामीटरच्या वायरचं टोक त्यात खुपसलं आणि मूठ पुन्हा खिशात टाकली. मीठ वहिनीचंच, रोजच्या मापाचं. अकरापर्यंत खांद्यातला आकडा अडुसष्टावर चढला आणि तिथेच बसला. साडेअकरा, बारा. जागचा हलेना. दादा काठी टेकत आला.

"अगं, अडलंय ते! वाढव आच."

"नाही अडलं. मांसाला घाम येतोय. घाम सुकेपर्यंत अंग गार राहणारच."

"मी सहा वर्षं वाढवतोय."

"म्हणूनच सहा वर्षं चप्पल खातोय आपण."

दादा हात पुढे करून थांबला. मूठ नव्हती. त्याने दाराकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, तिच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं आणि पुटपुटत स्टुलावर बसला. साडेबाराला मात्र तिनेही घड्याळाकडे पाहिलं. पेटी गेली तर पुन्हा घरी बसून इतरांचे चहाचे पेले विसळायचे. तरी तिने बटणाला बोट लावलं नाही. एक वाजता आकडा एकोणसत्तर झाला. मग सत्तर. मग तो असा चालू लागला की दादाच मोठ्याने मोजू लागला.

तीनला, त्र्याण्णववर, तिने मूठ बसवून दार उघडलं. अर्धा तास खांदा झाकून ठेवला. नंतर हाड धरून हलकेच ओढलं, ते अलगद हातात आलं आणि बोटांवरून रस ओघळला. दादाने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तो उठला, बशी भरली आणि लंगडत गल्ल्याकडे निघाला. पाराबाई दारात उभी राहिली.

"मीठ बरोबर होतं," तो वहिनीला म्हणाला.

"आजचं?"

दादाने बशी तिच्यासमोर ठेवली. "पहिल्या दिवसापासून."

वहिनीने गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं. घास घेतला, सावकाश चावला. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत.

"पेटी बघायला उद्या माणूस येणार आहे," ती शेवटी म्हणाली. "त्याला काय सांगायचं?"

दादाने मागे वळून बहिणीकडे पाहिलं. तिने खिसा थोपटला. मूठ पुन्हा आत गेली होती.

"सांग," दादा म्हणाला, "दार आता आमच्या हातात नाही."