सवायकीचा सौदा

अमरावतीच्या शाळेत मी तेव्हा दुसरीला शिकवत असे. तिसरीत जायचं तर पावकी, निमकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा आणि सव्वाचे पाढे, पाठ हवेत. त्याशिवाय तिथले हिशेब उमगत नसत. पण अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता, की रस्त्यानं गाड्यांची रांग लागायची आणि माझा अख्खा वर्ग खिडकीशी जायचा.

शेजारी कापसाचे एक दलाल राहत. पोरं त्यांना चाचा म्हणत. माझी रड ऐकून ते म्हणाले, "मास्तर, पोरं माह्याकडं पाठवा. पाव, पाऊन, सवा, आमचं दिवसभर तेच चालून रायते."

मी पाठवली. बाजारात तेव्हा भाव तोंडानं सांगत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा कळवत, बाजूच्याला पत्ता लागू नये म्हणून. चाचांनी पोरांना सवायकी तशीच शिकवली. पोरं पटापट शिकली. वर्गही एकदम शांत झाला. मला वाटलं, माझा दरारा वाढला.

मग परीक्षा घ्यायला अकोल्याहून डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब, आले. पुण्याकडचे, भारी पगडी, बोलणं तोलूनमापून. त्यांनी पहिल्या बाकावरच्या एका पाटलाच्या पोराला उठवलं.

"साताची सवायकी किती?"

पोरानं खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर पसरला आणि साहेबांपुढे धरला.

"हे काय?" साहेबांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत पोरगं म्हणालं, "सायेब, आकडा असा चारचौघात नाई सांगत. हात घाला."

साहेबांनी वर्गाकडे पाहिलं. सगळे गंभीर. शेवटी त्यांनी रुमालाखाली हात घातला. पोरानं बोटं दाबली. साहेबांना गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण त्यांची बोटं वळवळली. पोरानं मान हलवली.

"नाई परवडत."

"काय परवडत नाही?"

"तुमी साडेआठ म्हनून रायले. आमी पावनेनऊच्या खाली नाई उतरत."

मागून दुसरं पोरगं हळूच म्हणालं, "सोडू नको रे."

साहेबांनी पुटपुटत आकडा ताडून पाहिला. उत्तर पावणेनऊच होतं. त्यांनी हात काढला, उपरण्यानं पुसला आणि विचारलं, "पाऊण कसा दाबतात?"

मग ते बाकावर बसले. पोरं एकेक करून त्यांना शिकवू लागली. साहेबांचा पाव आणि निम्मा यांत सारखा घोटाळा होत होता, तेव्हा पोरं त्यांना मीच वर्गात रागावतो तशा सुरात रागावत. दिवस कलला. साहेबांचा गाडीवान दोनदा डोकावून गेला.

या गडबडीत वाचनाची परीक्षा घ्यायची राहूनच गेली आणि साहेबांनी निघताना घाईनं सगळ्यांच्या नावापुढे पास लिहिलं. माझ्या वर्गात दोघांना अजून 'क' आणि 'फ' यांतला फरक कळत नव्हता. तेही वाचनात पास झाले.