नानाचा पहारा

साताऱ्याची मोटार सांगलीच्या स्टँडवर आली, की ड्रायव्हर उतरून आधी माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर चूळ भरायचा आणि मग साताऱ्याच्या बातम्या सांगायचा. गेल्या महिन्यात तो उतरला आणि चूळ न भरताच समोर उभा राहिला. "भाऊ, तुमचं दोस्त गेलं," म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेला?" कारण नाना कुठंही जाऊ शकत होता. पहिल्या लढाईत तो मेसोपोटेमियाला गेला होता. तिथून तो चालत घरी आला असता तरी मला नवल वाटलं नसतं. ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा कुठं मला कळलं... चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं म्हणे. एवढ्या मोठ्या माणसाला एवढासा ताप कसा पुरला, हे मला अजून उमगलेलं नाही.

नानाची उंची माझ्या हिशेबानं सात फूट. पण लोक मला फुगवून सांगणारा म्हणतात, म्हणून एक फूट सोडून देतो. आमच्या सांगलीच्या घरात तो वाकून शिरायचा आणि मुक्काम संपेपर्यंत वाकलेलाच राहायचा. साताऱ्यात तो खोकला, की अजिंक्यताऱ्यावरची कबुतरं उडायची. आम्ही दोघं एकाच पलटणीत होतो, तो लढायला आणि मी कोठीत कांदे मोजायला. त्या कांद्यांवर आमची दोस्ती जमली ती जमलीच. दुसरी लढाई लागली तेव्हा आमची वयं झाली होती. या खेपेला त्याचा शंकर गेला. त्याला पोचवायला मीही गेलो होतो. शंकरचा गजा तेव्हा अंगावर पिणारा. शंकर बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, "नाना, मी येईस्तवर पोराला संभाळा. हाय तसा माज्या हातात द्या." नाना म्हणाला, "हातापायाची नखं मोजून घे. एक कमी निघालं तर बोल." शंकर हसला, आम्हीही हसलो. नाना तेवढा हसला नाही. पलटणीत पहारा सोपवला, की त्याचा चेहरा असाच व्हायचा.

पुढं नानाच्या घरात वीज आली आणि विजेमागून रेडिओ आला. शंकर समुद्रापार कुठंतरी लढत होता, पत्रं येत ती सरकारनं कापलेली, काळं फासलेली. संध्याकाळच्या मराठी बातम्या हाच काय तो आधार. लाकडी पेटी, पुढं जाळीचं कापड, त्यात स्टेशन लागलं की उजळणारा हिरवा डोळा. बटण दाबलं, की आतल्या काचेच्या दिव्यांना तापायला वेळ लागे आणि तोवर सगळं घर श्वास धरून बसे. गजाही बसे, पण श्वास धरून नव्हे. तो आता दोन वर्षांचा होत आला होता, आणि ज्या फटीत मुंगी शिरायला कचरते त्या फटीत त्याचं बोट आधी जायचं. हिरवा डोळा त्याला उपटून हवा होता. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून आतला उजेड दिसे, तो त्याला चिमटीत धरायचा होता. रेडिओवाल्यानं बजावलं होतं, मागं हात घालाल तर माणूस फेकला जाईल. नानानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून घरात लढाई सुरू झाली. दुश्मन गजाच, आणि वाचवायचाही गजाच.

पहिल्यांदा नानानं रेडिओवर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. बातम्या सांगणारा गृहस्थ खुडूक कोंबडीसारखा बोलू लागला आणि गजा डालग्यासकट रेडिओ ओढू लागला. मग नानानं गजाच्या कमरेला उपरणं बांधून दुसरं टोक खांबाला बांधलं. माझ्या मते त्या पोरानं खांब बोटभर तरी सरकवला असेल. वहिनी म्हणाल्या, "आवं, पोर हाय का वासरू? सोडा त्याला." नाना म्हणाला, "वासरू परवडलं. वासराला बोटं नसत्यात." शेवटी नानाला ती युक्ती सुचली. घरात एकच जागा होती जिथं गजा हात लावत नसे. देव्हारा. बाप्पाला हात लावायचा नाही, लांबून जय करायचा, हे वहिनींनी त्याला रांगता असल्यापासून शिकवलेलं. नानानं रेडिओ उचलला, देव्हाऱ्याशेजारच्या बुटक्या फळीवर ठेवला, वर एक झेंडूचं फूल ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं आणि गजाला सांगितलं, "ह्यो बी बाप्पाच हाय."

आणि खरंच, गजानं हात जोडले. मी मुद्दाम पाहायला साताऱ्याला गेलो. संध्याकाळी रेडिओ लागला, की तो पोरगा समोर मांडी घालून बसायचा आणि बातम्या संपल्या, की डोकं जमिनीला टेकवायचा. नाना मला कोपरानं ढोसून म्हणायचा, "बघितलंस? एक गोळी न झाडता ठाणं घेतलं." मीही सांगलीला परतल्यावर ही युक्ती निम्म्या गावाला सांगितली. सांगता सांगता गजा रेडिओची आरतीही म्हणू लागला होता, हा भाग माझा.

पुढच्या खेपेला मी तिथंच होतो. दिवेलागण झाली होती. बातम्या लागल्या आणि शंकरची पलटण ज्या भागात असावी असा नानानं इकडून तिकडून अंदाज बांधला होता, नेमक्या त्याच भागातल्या गावाचं नाव आलं. सूनबाई पुढं सरकली. वहिनींचा हात निवडायच्या भाजीत थांबला. तिथं मोठी लढाई झाली होती, आणि आता तो गृहस्थ कोण राहिलं, कोण गेलं ते सांगणार... एवढ्यात देव्हाऱ्यापुढच्या पाटावर गजा चढलेला नानाला दिसला. हातात पूजेचा तांब्या, काठोकाठ भरलेला, आणि तो रेडिओच्या माथ्यावर कलता होत होता.

त्या वयात सहा फुटांचा माणूस हवेत आडवा झालेला मी पाहिला, आणि यात मी इंचभरही वाढवलेलं नाही. एका हातानं नानानं भिंतीतली वायर अशी हिसडली, की गिलाव्याचा पोपडा तिच्याबरोबर आला. दुसऱ्या हातानं गजाला छातीशी घेतलं. पाणी पडायचं ते पडलंच. आतल्या तापलेल्या काचेचा फट् असा आवाज झाला, हिरवा डोळा मिटला आणि बातमी वाक्याच्या मध्येच तुटली. गजा मात्र खुशीत म्हणाला, "बाप्पा न्हाला."

सूनबाई हलक्या आवाजात म्हणाली, "मामंजी, त्यो फुडं काय म्हणत हुता?" नाना गजाची बोटं एकेक करून उजेडात धरून पाहत होता. वर न बघता म्हणाला, "काय म्हणत हुता ते शंकर आल्यावर सांगंल, बाई. पर ह्याला काय झालं असतं, तर शंकरला मी काय सांगू?" जेवायच्या वेळी मी गजाला दटावायला गेलो, तर मलाच थांबवलं. "त्याची चूक न्हाई, भाऊ. आपुनच त्याला देव म्हणून दावला. रोज सकाळी त्याची आजी देवाला आंघूळ घालती. एका देवाची आंघूळ राहिली, ती त्यानं घातली."

लढाईच्या दिवसांत फुटलेला भाग मिळेना. मग नाना रोज संध्याकाळी गजाला खांद्यावर बसवून चौकातल्या हॉटेलापुढं उभा राहायचा आणि तिथला रेडिओ ऐकून यायचा. गर्दी कितीही असो, गजाला सगळं दिसायचं आणि गजाच्या हाताला काही लागायचं नाही. शंकरचं खुशालीचं पत्र आलं तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. तोवर त्या घरात कुणी कुणाला त्या बातमीविषयी विचारलं नाही.

पण पहारा नानानं सैल केला नाही. वायरमनला बोलावून त्यानं घरातलं हरएक बटण, हरएक प्लग वर नेऊन बसवायला लावला. किती वर? तर आढ्यावरच्या पाली दचकल्या, इतक्या वर. वायरमन शिडीवरून म्हणाला, "आवं नाना, हितं घरातल्या बायकांचा हात कसा पुरायचा?" नाना खालून म्हणाला, "बायकांनी हाक मारावी. मी हाय की." आणि तो होताच. दिवस कलला, की वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आवं, दिवा," आणि नाना असेल तिथून उठून यायचा. हात वर केला, की त्याचं बोट बरोबर बटणावर. शंकर लढाईहून सुखरूप आला, त्यानं दारातच गजाची नखं मोजली. पण उंचीनं तो आईवर गेलेला, तेव्हा दिव्याचं काम नानाकडेच राहिलं.

नानाच्या दिवसांना मी साताऱ्याला गेलो. पाहुणे पांगले, ऊन उतरलं, घरात अंधार भरत चालला. आम्ही सगळे सोप्यात बसलेलो, आणि आतून वहिनींचा आवाज आला, "आवं, दिवा..." शंकरनं हात वर करून पाहिला, पुरला नाही. मी म्हणालो, "बटणं खाली घेऊ या रं आता. गजा शाळेत जातोय." शंकरची बायको दाराशी उभी होती, कडेवर धाकटी. ती म्हणाली, "नको. ही आता रांगाया लागली." शंकरनं मान डोलावली आणि खाली बसला. गजा त्याच्या खांद्यावर चढला. शंकर त्याला घेऊन भिंतीशी उभा राहिला. गजानं दोन्ही हात सदऱ्याला नीट पुसले, बोटं दारातून येणाऱ्या उजेडात धरून कोरडी आहेत का ते पाहिलं, आणि मग बटण दाबलं.