मुळं खाल्लेली हिरवळ

इस्पितळासमोरची हिरवळ तात्यांनी सत्तावीस वर्षं सांभाळली. नर्सपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना तात्याच म्हणत. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा खुरपं धरायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. पुढे डिप्लोमा करून तो तिथंच सुपरवायझर झाला. तात्यांना कोण कौतुक! ते चारचौघांत त्याला 'साहेब' म्हणत. आधी तो लाजायचा, मग लाजेनासा झाला.

त्या वर्षी हिरवळीवर पिवळे डाग पडले. पाखरं चोचींनी माती उकरू लागली. तात्यांनी एका डागावरचं गवत मुठीत धरून ओढलं, तर ते सतरंजीसारखं अख्खं उचलून हातात आलं. मुळं नव्हतीच. खाली पांढऱ्या, वेटोळं करून पडलेल्या अळ्या होत्या. हुमणी.

"आधी औषध सोडू," ते पुतण्याला म्हणाले. "अळ्या लहान आहेत, वरच आहेत, तोवरच मरतील. बी मागाहून."

"काका, महिन्यावर नव्या इमारतीचं उद्घाटन आलंय. बी टाका, खत मारा. मला हिरवं दिसलं पाहिजे."

"अरे, खाणारे खाली बसलेत. त्यांनाच वाढतोयस तू."

"सांगितलं तेवढं करा."

तात्यांनी केलं. उद्घाटनाला कोवळी हिरवळ लवलवली, फोटो निघाले. तीन आठवड्यांत ती सगळी वाळून उपटून आली. वरून विचारणा झाली तेव्हा पुतण्याने लिहून दिलं, 'माळ्याने किडीची कल्पना दिली नाही.'

तात्यांची बदली धोबीखान्यात झाली. दिवसभर चादरींच्या घड्या. त्यांची बायको, काकू, जावेकडे म्हणजे पुतण्याच्या आईकडे जाऊन जाब विचारणार होत्या, तात्यांनी जाऊ दिलं नाही.

एका रविवारी पुतण्या घरी आला. काकू आतून बाहेर आल्याच नाहीत.

"कोणतं औषध, काका? आणि कधी?"

"आता त्या मोठ्या होऊन खोल गेल्यात, दाद देणार नाहीत. हुमणीच्या भुंगेऱ्यांची नवी अंडी फुटली की लगेच औषध सोड. वर भरपूर पाणी दे. अळ्या मेल्यात का ते उकरून बघ, मगच बी टाक. खत अगदी बेतानं."

तो उठला. चपला घालताना काहीतरी बोलेल म्हणून तात्या दारात थांबले.

"बेतानं म्हणजे किती?" त्याने विचारलं. तात्यांनी तेही सांगितलं.

"कशाला सांगितलंत?" काकू नंतर म्हणाल्या.

पुढच्या हंगामात हिरवळ दाट आली. वर्षभराने तात्या निवृत्त झाले. निरोपाचं भाषण पुतण्यानेच केलं. धोबीखान्यातली तात्यांची शिस्त त्याने फार वाखाणली. हिरवळीचा विषय काढला नाही.