सोनाक्काला कुणी पाडलं नव्हतं

"तू इथंच थांब. आत लाल माती आहे, बायका जात नाहीत," सर म्हणाले. पेढ्यांचं ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतः चपला काढून तालमीत गेले.

कार्यक्रम कसला? पुस्तक प्रकाशनाचा. पुस्तक कशावर? कोल्हापूर जिल्ह्यात कुस्ती खेळलेल्या बायकांवर. ज्या कामातून ते निघालं ते सहा वर्षांचं काम माझं. मी शाळा-कॉलेजात स्वतः कुस्ती खेळलेली बाई. गुडघा गेला म्हणून इतिहासाकडं आले. आणि मी उंबऱ्याबाहेर, येईल त्या पावण्याला पेढा देत उभी.

पावणं आत बसले तशी मी एक प्रत उचलली. वर सरांचं एकट्याचं नाव. माझं शोधलं तर शेवटी आभारात सापडलं. 'टंकलेखनासाठी साहाय्य.'

सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. चारचौघांत मला "ही माझी लेकच" म्हणायचे. मुलाखतींच्या वह्या आण, तुझी प्रकरणं नीट लावून देतो म्हणाले, तर मी नेऊन दिल्या. कशाला म्हणून विचारलं नाही. ही कुस्तीतली सवय. वस्ताद सांगेल ते करायचं, उलट बोलायचं नाही. त्या सवयीनं माझा घात केला.

तरी नावाचं मी गिळलं असतं. खरंच सांगते, गिळलं असतं. पण पानं चाळताना सोनाक्का सापडली.

सोनाक्का नेसरीकडची, ऐंशी ओलांडलेली. सोळाव्या वर्षी जत्रेत पोरांबरोबर कुस्त्या धरायची. बापच तिचा वस्ताद. पहिल्या दोन खेपांना गेलते तेव्हा तिनं चहा पाजला आणि म्हशीच्या गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या खेपेला दाराला कडी घातली आणि बोलायला लागली. शेवटच्या कुस्तीत समोर मोठ्या घरचा पोरगा होता. तिनं त्याला खाली घेतला होता. तेवढ्यात बाप कडेला आला आणि हळूच म्हणाला, पाठ टेकव, आपण त्यांच्या रानात राबतो.

"माझी पाठ म्याच टेकवली. मला कुणी पाडलं न्हाय. एवढं लिव, आन् माझ्या नावानं लिव," ती म्हणाली. माझं मनगट तिनं दुखेस्तोवर धरलं होतं.

पुस्तकात काय छापलेलं? 'जत्रेत एका हौशी स्त्रीने कुस्ती धरली व ती पहिल्याच डावात चीत झाली.' तिचं नाव नाही. पाडणाऱ्याचं आहे, बापाच्या नावासकट. त्याचाच नातू आत हार घालून बसलेला. तालीम त्याची, कार्यक्रम त्याचा.

सर बाहेर आले तसं मी पान दाखवलं. आवाज चढवला नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला.

"अगं, त्या म्हातारीचं काय, आज आहे उद्या नाही. ह्या घराण्याचा मान कशाला घालवायचा? ह्या वेळी गप बस. तुझी पीएचडी मी काढून देतो."

मला पण पाठ टेकवायला सांगत होते की, आणि तेही इतक्या मायेनं. बापानंतर ह्याच माणसाला मी मानलं होतं. मी त्यांचा हात खांद्यावरनं काढला, ताट खाली ठेवलं, चपला काढल्या आणि आत गेले.

मातीत मधोमध उभी राहिले. ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हे खोटं हाय. ती हरली न्हाय, तिला हरायला लावलं. तिचं नाव सोनाबाई. तिचा आवाज माझ्या फोनमध्ये हाय." दोघांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. सर खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिथली माती उकरून नवी टाकली म्हणे. मी उभी राहिलेली माती.

पुस्तक घेऊन सोनाक्काकडं गेले. वाचून दाखवलं, आखाड्यातलंही सांगितलं. वाटलं, तेवढं ऐकून तरी तिला बरं वाटेल. ती उठली.

"पैल्यांदा बापानं टेकवाय लावली. आता तू," म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

मला राग आला. एसटीत बसल्यावर तो उतरला. खोटं काय बोलली ती? वह्या सरांनी चोरल्या नव्हत्या. मी माझ्या पायांनी चालत जाऊन दिल्या होत्या.

सरांनी विद्यापीठाला पत्र दिलं, ह्या विद्यार्थिनीला मी मार्गदर्शन करू शकत नाही. दुसरं कुणी मला घ्यायला तयार नाही. पदवी गेलीच म्हणा. जाऊ दे.

पुस्तक मी लिहितेय. पहिलं प्रकरण सोनाक्काचं. लिहून झालं की तिच्या दारात बसून वाचणार, तिनं हाकललं तर पुन्हा जाणार, आणि ती हो म्हणाल्याशिवाय छापणार नाही. शेवटचं प्रकरण सरांचं. त्यात त्यांचं नाव असेल, हुद्दा असेल, उंबऱ्यावर मला काय म्हणाले ते शब्दाला शब्द असेल. कोर्टात खेचायचं तर खेचा. आणि त्याच प्रकरणात माझंही नाव असेल, वह्या नेऊन देणारी म्हणून.