सुतकाची भाकर

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी इंझोरीच्या शाळेत मी एकटाच मास्तर होतो. शेजारच्या खोलीत माझ्याशिवाय फक्त माझा कुत्रा राहायचा. सात वर्षं तो माझ्याकडे होता. एका रात्री त्याला साप चावला, सकाळपर्यंत तो गेला. शाळेमागे त्याला पुरलं, मुलांना सुट्टी दिली आणि दार लोटून बसलो. शाळा सोडून कारंज्याला भावाच्या दुकानात बसायचं, हे मी जवळजवळ ठरवलंच होतं.

गावाला हसायला निमित्त मिळालं. मला ऐकू यावं अशा बेतानं पारावरून कोणी बोललं, "मास्तरच्या घरी सुतक हाये बाप्पा. मिशा कधी काढते ते पाहा आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार ढकलून एक मुलगी आत आली. गावाबाहेर वांगी-मिरची लावणाऱ्या माळ्याची, आठ-नऊ वर्षांची. तिचा भाऊ शाळेत येई, ती येत नसे. तिनं फडकं सोडलं. आत दोन भाकरी आणि झुणका.

"हे काय गं?"

"सुतकाच्या घरी चूल पेटवत नाही. शेजाऱ्यानं भाकर न्या लागते. तुमच्या घरी कोणी आलं नाही, म्हून मी आली."

"अगं, लोक थट्टा करत होते. कुत्र्याचं सुतक नसतं."

तिनं कोपऱ्यातल्या चुलीकडे पाहिलं. राख थंड होती.

"मंग चूल काहून पेटवली नाही?"

"ठेव तिथं. खाईन मागून," मी म्हटलं.

"आता खा. खाल्ल्याबगर मी जात नाही." ती दाराशी मांडी घालून बसली.

पहिला घास पाण्याबरोबर उतरवला.

"उद्या शाळा हाये ना?"

"बघू."

"बघू काय? आमचा आजा मेला तवा बा दुसऱ्याच दिवशी मोटेवर होता. रडे अन् मोट हाकले. वांगे थोडीच थांबते."

दोन्ही भाकरी संपल्यावरच ती फडकं झटकून उठली.

संध्याकाळी मी चूल पेटवली. सकाळी शाळेचं कुलूप काढलं. पारावर हसले, हसू दिलं. मुलांना पाढे सांगताना सातच्या पाढ्यात माझा आवाज अडकला. पोरं माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी सातचा पाढा पहिल्यापासून सुरू केला.