मी तिला थांबायला शिकवलं

ती मला ‘ए म्हातारे’ म्हणायची. मी कर्जतला भिसेगावात राहते, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आहे, आणि दर रविवारी कळंबच्या पुढे डोंगराला चिकटलेल्या ठाकर आदिवासींच्या एका वाडीवर मुलांना शिकवायला जाते. ती तिथलीच, दहावीतली. मी रिक्षातून उतरले की चढावरूनच हाक यायची, “ए म्हातारे, आलीस का गं? आज उशीर केलास!” त्या वाडीत देवाला, बकरीला आणि तलाठ्याला एकच ‘तू’. मला ते आवडायचं. नोकरीची सगळी वर्षं मी निमंत्रणपत्रिकांवरचे ‘सन्माननीय’ आणि ‘आदरणीय’ वाचण्यात घालवली होती. एका पत्रिकेत तर विशेषणं इतकी झाली की कार्यक्रमाची वेळ छापायची राहून गेली.

तरी तिला ‘तू’ सोडायला मीच लावलं. तिला अकरावीसाठी कर्जतला वसतिगृहात जागा हवी होती, आणि तिथे मुलाखत असते. समोरच्या साहेबाला पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हटलं, की तिचे गणितातले मार्क कोणी बघणार नव्हतं. म्हणून महिनाभर आम्ही सराव केला. 

“आधी हात वर करायचा. मग ‘सर’ म्हणायचं. त्यांनी ‘बोल’ म्हटलं की बोलायचं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. आता समज, मी साहेब आहे.”

“तू कसली साहेब? तुझी चप्पल तुटलीय.”

मी चिडायचे. ती हसायची, पण हळूहळू शिकली. ज्या गोष्टीची मी जन्मभर टिंगल केली, ती मी मन लावून शिकवली. मास्तरकी अंगात आली की माणूस स्वतःचं ऐकत नाही.

गणपतीच्या सुट्टीत माझी सात वर्षांची नात पुण्याहून आली होती. त्या आठवड्यात वाडीवर झाडं लावायचा कार्यक्रम ठरला. शाळेच्या गुरुजींनी मुंबईहून एक प्रमुख पाहुणे आणले होते. पाहुण्यांना ओढा फार आवडला. फोटो तिथे छान येईल म्हणाले. म्हणून ओढ्याच्या मधोमध असलेल्या सपाट कातळावर प्लॅस्टिकच्या पाच खुर्च्या मांडल्या गेल्या, बाजूच्या वाळूत दोन काठ्या रोवून बॅनर बांधला, आणि मुलांना पात्रातल्या वाळूवर रांगेत बसवलं. ऊन पडलं होतं. पाणी घोट्याएवढं, काचेसारखं. वर डोंगरावर मात्र ढग काळा होऊन बसला होता. तो मी पाहिला, आणि बरं झालं, सावली आली, असं मनात म्हटलं. माझं वाचन दांडगं आहे, पण ओढ्याबद्दल मी काही वाचलेलं नव्हतं.

पाहुण्यांची ओळख करून द्यायला गुरुजींना पंधरा मिनिटं लागली. मग पाहुणे उठले आणि त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये पाहिलेल्या झाडांबद्दल बोलायला सुरुवात केली. माझी नात रांगेतून सटकून दहा पावलांवर पाण्यात बसली होती, पानांच्या होड्या सोडत. मी खुर्चीवर होते, दुसऱ्या नंबरच्या. 

तेव्हा माझ्या त्या दहावीतल्या पोरीने हात वर केला.

ती मुलांच्या शेवटच्या रांगेत होती. पाहुण्यांनी हात पाहिला नाही, मी पाहिला. मला अभिमान वाटला, हे लिहायला आज लाज वाटते. बघा, कशी तयार केली पोरगी, असं वाटलं. मी तळहाताने खूण केली: थांब. तिने हात खाली घेतला, ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहिलं आणि पुन्हा हात वर केला, या वेळी ताठ. ओठ हलले, ‘सर’. पाहुणे स्वित्झर्लंडमधून ऑस्ट्रियात गेले. मी डोळे मोठे केले आणि पुन्हा खूण केली. थांब.

ती थांबली. किती, ते मला सांगता येणार नाही. दोन वाक्यं असतील, तीन असतील.

मग ती ओरडली. तसा आवाज मी त्या पोरीचा कधी ऐकला नव्हता. “ए म्हातारे, ऊठ! पोरीला घे! पानी आलं!”

वाडीची मुलं एका क्षणात उठली आणि काठाकडे पळाली. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी नातीकडे पाहिलं. तिच्या पायाभोवतीचं पाणी चहासारखं झालं होतं, त्यात काटक्या, सुका पाला. ती खूश होऊन ओरडली, “आजी, बघ, किती होड्या!” वरून आवाज येत होता, खडीचा डंपर रिकामा होतो तसा. मी पळाले असं मला वाटतं, पण माझे गुडघे ते मान्य करणार नाहीत. मी पोहोचण्याआधी ती पोरगी पोहोचली होती. नातीला फ्रॉकच्या पाठीला धरून तिने उचललं, काठावर टाकलं आणि माझ्या दंडाला इतका हिसडा दिला की तो आठवडाभर काळानिळा होता.

पाहुणे अजून कातळावर उभे होते. “कोण आहे ती मुलगी? काही शिस्त?”

ती परत गेली. मी ‘नको’ म्हणाले, तोवर ती पाण्यात होती. “ए बाबा, चल की रं! मरशील!” म्हणत तिने त्यांचा शर्ट धरून त्यांना ओढलं. दोघं मांडीभर पाण्यातून काठाला लागली आणि मागे खुर्च्या गेल्या, बॅनर गेला, त्यावरची सगळी विशेषणं गेली. 

काठावर मुलं मोजली. सगळी होती. पुन्हा मोजली. मी नातीला धरून बसले होते, आणि ती रडत होती, कारण मी फार घट्ट धरलं होतं.

गुरुजी तेवढ्यातही त्या पोरीजवळ गेले. “साहेबांना ‘ए बाबा’ म्हणालीस? माफी माग आधी.” पाहुणे ओल्या बुटांत उभे होते. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं आणि म्हणाले, “राहू द्या हो.” त्या दिवशीचं त्यांचं ते एकमेव छोटं भाषण.

मी तिला जवळ बोलावलं. ती निथळत आली.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“पानी गढूळ झालं तवाच. पहिला हात केला तवा.”

“मग ओरडली का नाहीस गं?”

“तू थांब म्हनलीस.”

मी म्हणाले, “केवढं पाणी होतं. भीती वाटली असेल तुला.”

“पान्याची कशाला वाटंल? ते दिसतं ना, कुठून येतंय ते.” तिने नातीच्या फ्रॉकला लागलेली काडी काढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझी वाटली. तू डोळे मोठे केलेस ना, तवा.”