देठापर्यंत गोड

त्या भागात हिव पडत नाही. पहाटे दव येतं, पानावर थरथरतं, ऊन चढलं की निघून जातं. गोठत मात्र कधी नाही. म्हणून काकडीचा वेल तिथे बारा महिने चढतो. एक उपटावा, तोवर शेजारचा फुलावर आलेला असतो. किडीला मरण नाही, तणाला नाही. थोरलीने धरलेला डूखही असाच हिरवा राहिला.

थोरली म्हणजे त्या मळ्यातली मोठी सून. ती लग्न होऊन आली तेव्हा मळ्यातली काकडी कडसर निघायची. तिने वेलावेलाचं फळ चाखलं, गोड तेवढंच बियाला ठेवलं, आणि वीस वर्षं हेच करत राहिली. शेवटी अशी काकडी निघाली की देठाकडचं टोकसुद्धा कापून टाकावं लागेना. बाजारात गिऱ्हाईक भाव नंतर विचारायचं; आधी विचारायचं, "थोरलीची का?"

पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मळ्याच्या मधोमध बांध पडला. वेगळं निघताना धाकट्या जावेने फळीवरची बियांची बरणी उचलली. थोरलीने ती नेऊ दिली. तिच्याकडे वेलावर अजून फळं होती, बी पुन्हा धरता येत होतं. पण दोनएक महिन्यांनी भर बाजारात खानावळवाला धाकटीला विचारत होता, बी कुठलं म्हणून. तो या दोघींचं मोठं गिऱ्हाईक. धाकटी म्हणाली, "माझ्या माहेरचं. आमच्या आईने जपलेलं."

चार हातांवर बसलेल्या थोरलीने ते ऐकलं. हातातली काकडी पुसली, ढिगावर ठेवली, पुन्हा उचलून पुन्हा पुसली.

"जाऊ दे," घरी नवरा म्हणाला. "ती म्हणाली म्हणून बी तिचं होतं का?"

"होतं. लोकांनी मान हलवली, म्हणजे झालंच."

"मग भांड जाऊन."

"भांडले तर ती रडेल, आणि वाईट मी दिसेन. ती रडण्यात पटाईत आहे. तुमच्याच घरात शिकली."

नवऱ्याने ताट पुढे ओढलं आणि विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी थोरली ओढ्याकडे गेली. तिथे रानकाकडीचा वेल माजला होता. फळ अंगठ्याएवढं, इतकं कडू की शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते. त्याचं पिकलं बी आणून तिने बांधाच्या कुंपणाला ओळीने टोचलं. वेल चढले, पिवळ्या फुलांनी कुंपण भरलं.

"जाऊबाई, हे काय लावलंय?" धाकटीने पलीकडून विचारलं.

"रानवेल आहे. कुंपणाला आडोसा."

"मधमाशा फार येतात हो."

"येऊ देत की. माशी आली तर फळ धरतं."

"ते बाकी खरं. तुमचं ज्ञान मोठं," असं म्हणून धाकटी हसली.

ज्ञान होतंच, आणि त्यातलं एक धाकटीला कधी मिळालं नव्हतं. माशी कडू फुलावरून गोड फुलावर बसली तर त्या वेळचं फळ गोडच राहतं. कडूपणा उतरतो आतल्या बियात, आणि ते बी पेरलं की पुढच्या पिकात वर येतो. म्हणून थोरली रोज संध्याकाळी बियाण्यासाठी राखलेल्या वेलांवरच्या उद्या उमलणाऱ्या कळ्यांची तोंडं दोऱ्याने बांधायची. सकाळी दोरा सोडून नर फूल खुडायची, मादी फुलावर हाताने फिरवायची आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायची. तिच्या बियाला माशी कधी शिवली नाही. धाकटी मात्र वेलावर जे मोठं फळ दिसेल तेच बियाला ठेवत होती.

थोरलीने घाई केली नाही. धाकटीने त्या फळांचं बी पेरलं, वेल मांडवावर गेले, तेव्हा ती बांधावर उभी राहून ते बघायची आणि तिला गोड झोप लागायची.

धाकटीची पहिली टोपली बाजारात आली त्या दिवशी खानावळवाला तासाभरात परत आला. "बाई, माणसं ताटावरून उठली. तोंडात धरवत नाही ही काकडी."

धाकटीने एक मोडली, चाखली, थुंकली. मग तिने थोरलीकडे बोट केलं. "मी काय करू? बी हिचंच आहे. हिच्या फळीवरून आणलेलं. विचारा."

ज्या शब्दांसाठी थोरलीने रात्री काढल्या होत्या, ते शब्द आले होते, आणि तेही कडू काकडीला चिकटून. भोवतालच्या बायका तिच्या टोपलीपासूनही मागे सरल्या.

थोरलीने सुरी काढली. आपली काकडी देठाकडून कापली आणि ते टोक खानावळवाल्यासमोर धरलं. तो बिचकला. मग त्याने ते तोंडात टाकलं, चावलं. "गोड आहे."

"बी एकच," खानावळवाला हळूच म्हणाला. "मग हिची कडू कशी?"

गप्प बसली असती तर निभावलं असतं. कीड, पाणी, माती, काहीही सांगता आलं असतं. पण मग धाकटीचं नुसतं नशीब फुटलं असं झालं असतं, आणि तिला नशिबाशी वाटणी करायची नव्हती.

"मी केली," थोरली म्हणाली. "कुंपणाला रानकाकडी लावली. माझी फुलं बांधली, हिची उघडी राहिली. वीस वर्षं माझी गेली आणि आई हिची म्हणे. हिच्या आईला फुलं बांधता येत होती का, विचारा हिला."

धाकटी रडली नाही. टोपली उचलून वाट काढत निघून गेली.

बी कुणाचं, हे त्यानंतर बाजारात कुणी विचारलं नाही. थोरलीच्या बांधाला लागून मात्र कुणी वेल लावेना. खानावळवाला आजही तिच्याकडूनच काकडी घेतो; पण उकिडवा बसतो, एकेक काकडीचं टोक स्वतःच्या सुरीने कापतो, चाखतो आणि मगच पिशवीत टाकतो. थोरली हात मांडीवर ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसते. त्याला वेळ लागतो. ती लागू देते.